डोनट चार्टमध्ये (मध्ये भोक असलेल्या गोल चार्टमध्ये) आठ भाग आहेत आणि काहीच नीट वाचता येत नाही. काय करू?

ग्राहकांच्या तक्रारींचे आठ प्रकार, आठ रंग, बाजूला रंगांची यादी, आणि मीटिंगमध्ये सगळ्यांचं म्हणणं 'कळत नाही', असं तुम्ही लिहिलंय. नुसते रंग बदलून हे सुटणार नाही. आधी ठरवा, चार्ट बघून समोरच्याला नेमकी कोणती एक गोष्ट कळायला हवी.

समजा आकडे ४८, २२, १६, ५, ४, २, २ आणि १ टक्का असे आहेत आणि ४८ टक्के तक्रारी उशिरा पोचलेल्या मालाच्या आहेत. एक टक्का म्हणजे वर्तुळाचे ३.६ अंश, म्हणजे दोन टक्क्यांच्या भागाला जेमतेम सात अंश मिळतात. त्यात लेबल बसणारच नाही. शेवटचे पाच मिळून 'इतर १४' करा. चारच भाग उरले. सगळ्यात मोठा भाग घड्याळातल्या बाराच्या जागेपासून सुरू करा, पुढचे उतरत्या क्रमाने, 'इतर' शेवटी. ४८ ला एक गडद रंग, बाकीच्यांना राखाडीच्या छटा. बाजूची यादी काढून टाका आणि नावं त्या-त्या भागाशेजारीच लिहा. नजर सारखी इकडून तिकडे फिरवावी लागली की माणूस वाचणं सोडून देतो.

आता मधली मोकळी जागा. डोनट निवडायचं खरं कारण माझ्या मते हेच. तिथे मोठ्या अक्षरात '४८%' आणि खाली लहान अक्षरात 'माल उशिरा', बस. एक्सेलमध्ये आधी चार्ट सिलेक्ट करा, मगच टेक्स्ट बॉक्स घाला, म्हणजे चार्ट हलवला तरी आकडा सोबत हलतो. बॉक्स निवडून फॉर्म्युला बारमध्ये = टाइप करून सेलवर क्लिक केलंत, तर डेटा बदलला की आकडाही आपोआप बदलतो. रिंग मला फार बारीक आवडत नाही. होल साइज, म्हणजे मधल्या भोकाचा आकार, मी ६० ते ६५ टक्के ठेवते.

मध्ये भोक असल्यामुळे चार्ट वाचताना जास्त चूक होते का? ड्रू स्काऊ आणि रॉबर्ट कोसारा या संशोधकांनी २०१६ मध्ये हे तपासलं, आणि लोकांनी डोनट जवळपास भोक नसलेल्या पाय चार्टइतकाच अचूक वाचला. पण पाच आणि चार टक्क्यांतला फरक दाखवायचा असेल तर दोन्ही सोडा आणि आडवे बार काढा. एकाच रेषेपासून सुरू होणाऱ्या लांब्या डोळ्याला जास्त अचूक कळतात.

गेल्या वर्षीचे आकडे आतल्या रिंगमध्ये घालायचा मोह टाळा. मी एकदा ते केलं होतं. दोन्ही वर्षी एका प्रकाराचा वाटा २५ टक्केच होता, पण बाहेरच्या रिंगमधला कंस लांब असल्यामुळे बघणाऱ्यांना तक्रारी वाढल्यासारख्या वाटल्या, आणि मीटिंगचा बराच वेळ तेच समजावण्यात गेला.

आणि हो, तुमच्या फॉर्ममध्ये एका तक्रारीला दोन कारणं टिक करता येतात का? येत असतील तर टक्क्यांची बेरीज शंभराच्या वर जाईल. तसं असेल तर डोनट मुळीच नको, थेट बार चार्ट करा.