वाचक विचारतात : समालोचक ओरडतात तेव्हा रेफरीला काय वाटतं?

प्रश्न : प्रीमियर लीगचे (इंग्लंडची फुटबॉल स्पर्धा) सामने बघताना समालोचक रेफरीला बिनदिक्कत चुकीचा ठरवतात. रेफरींना राग येत नाही का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : येतो, पण 'चुकलास' म्हटल्याचा कमी आणि नसलेला नियम सांगितल्याचा जास्त. 'पाय आधी चेंडूला लागला, मग फाऊल कसला?' हे नेहमीचंच. फाऊलबद्दलच्या नियम 12 मध्ये अशी सूट नाही. टॅकल निष्काळजी असेल तर नुसता फाऊल, बेफिकीर असेल तर पिवळं कार्ड, जादा ताकदीचा असेल तर लाल. 'शेवटचा बचावपटू होता, लालच हवं' हेही तसंच. नियमात 'शेवटचा' असा कुणी नाहीच. गोलची स्पष्ट संधी हिरावली का, हे ठरवायला गोलपर्यंतचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू ताब्यात राहण्याची शक्यता आणि बचावपटू किती व कुठे, हे सगळं एका नजरेत जोखायचं असतं.

त्यात स्लो मोशन! साधी धडकही त्यात खुनशी दिसते. म्हणून व्हीएआरलाही (व्हिडिओ बघून रेफरीला मदत करणारा सहायक) बंधन आहे : पाय नेमका कुठे लागला हे हळू बघा, जोर किती होता हे नेहमीच्याच वेगाने. स्टुडिओवर असं बंधन नाही.

अर्थात टीका दरवेळी पोकळ नसते. 2010च्या विश्वचषक अंतिम सामन्यात 28व्या मिनिटाला नेदरलँड्सच्या डी याँगची लाथ स्पेनच्या अलोन्सोच्या छातीत बसली आणि रेफरी हॉवर्ड वेब यांनी पिवळं कार्ड दाखवलं. मध्ये खेळाडू आल्याने नीट दिसलं नव्हतं. लालच द्यायला हवं होतं, हे त्यांनी नंतर स्वतः मान्य केलं.

प्रश्न : मग रेफरी स्वतःची बाजू का मांडत नाहीत? – तेच वाचक

उत्तर : सामन्यानंतर संघाचा मॅनेजर माईकसमोर असतो, रेफरी सहसा नसतो. अलीकडे मात्र काही प्रसंगांतल्या रेफरी-व्हीएआर संभाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकवतात. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल : लिव्हरपूलच्या लुईस दियासचा गोल ऑफसाइड म्हणून रद्द झाला. तीन दिवसांनी ध्वनिमुद्रण आलं, तेव्हा कळलं की व्हीएआरने स्क्रीनवर आखलेल्या रेषा बरोबरच होत्या, दियास ऑफसाइड नव्हताच. पण मैदानावर गोल दिलाय असं समजून व्हीएआरने 'चेक कम्प्लीट' (तपासणी संपली, मैदानावरचा निर्णय कायम) म्हटलं, आणि रेफरीने त्याचा अर्थ 'ऑफसाइड कायम' असा घेतला. चूक लक्षात आली तेव्हा फ्री किक घेऊन झाली होती, आणि एकदा खेळ पुन्हा सुरू झाला की असा निर्णय फिरवता येत नाही.