लेस्टरच्या दंगलीबद्दल तिथल्या हिंदू संघटनांचं म्हणणं खरं मानायचं का?

तुम्ही विचारलंय, की २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरला हिंदू-मुस्लिम दंगल झाली, तिच्यामागे संघाचा हात असल्याचा आरोप झाला, तिथल्या हिंदू संघटनांनी तो फेटाळला, तर कोणावर विश्वास ठेवायचा?

संघटनांवर अर्धा ठेवा. कोणता अर्धा, ते सांगतो.

मी लेस्टरजवळ राहतो, नोकरी शहरात. त्या आठवड्यात सांगलीहून मामांचा फोन आला, "तिकडे मंदिर जाळलं म्हणे?" बर्मिंगहॅमच्या एका शिवमंदिराबाहेरच्या आगीचा व्हिडिओ त्यांच्यापर्यंत पोचला होता. ती आग कचरा पेटल्याने लागलेली, मुद्दाम कोणी लावलेली नव्हती, असं अग्निशमन दलाने सांगितलं. त्याच आठवड्यात माझ्या एका मुस्लिम सहकाऱ्याच्या फोनवर वेगळीच बातमी फिरत होती : लंडनच्या मंदिरातून बसगाड्या भरभरून माणसं लेस्टरला आणली. पुरावा म्हणून बसचा फोटो. बसच्या मालकाने नंतर सांगितलं, दोन महिन्यांत आपली एकही गाडी लेस्टरला गेलेली नाही. मी आणि तो सहकारी शेजारी बसून डबा खायचो, पण आम्ही दोन वेगळ्या शहरांत राहत असल्यासारखं झालं होतं.

आता घडलेलं. २८ ऑगस्टला दुबईत आशिया चषकात भारताने पाकिस्तानला पाच गडी राखून हरवलं. लेस्टरच्या बेलग्रेव्ह भागात पोरं रस्त्यावर उतरली, 'पाकिस्तान मुर्दाबाद'च्या घोषणा झाल्या, हाणामारी झाली. पुढचे काही आठवडे कुरबुरी. मुस्लिम मुलीला हिंदू पोरांनी पळवायचा प्रयत्न केला, ही अफवा त्यातच उठली. असं काही घडलंच नाही, हे पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं. गणपतीच्या दिवसांत हिंदू घरांवर अंडी फेकल्याच्या तक्रारी आल्या. मग १७ सप्टेंबरचा शनिवार. दोनेकशे तरुण, बरेचसे तोंड झाकलेले, 'जय श्रीराम' म्हणत ग्रीन लेन रोडवरून चालत गेले. तो रस्ता मुस्लिम वस्तीचा. समोरून जमाव जमला, आणि त्या रात्री बेलग्रेव्ह रोडवरच्या मंदिराचा झेंडा उतरवला गेला. सोळा पोलीस जखमी झाले, आणि सोमवारपर्यंत ४७ जणांना अटक झाली होती.

संघटनांवर आरोप झाले ते दोन. मोठा आरोप असा, की हे भारतातून आयात केलेलं, संघाने रचलेलं प्रकरण आहे. धाकटा असा, की आपल्या समाजातली पोरं दुसऱ्यांच्या वस्तीत डिवचायला गेली. संघटनांनी मोठ्या आरोपाला उत्तर दिलं, आणि त्यांची बाजू तिथे भक्कम होती. हिंदू स्वयंसेवक संघाने, म्हणजे भारतातल्या संघाच्या धर्तीवर ब्रिटनमध्ये चालणाऱ्या संस्थेने, आपला काही संबंध नसल्याचं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये हेन्री जॅक्सन सोसायटी या उजवीकडे झुकलेल्या संस्थेच्या अहवालानेही असाच निष्कर्ष काढला, की कुठल्या संघटित हिंदुत्ववादी गटाचा हात दिसत नाही. कट रचल्याचा पुरावा आजवर माझ्याही वाचनात आलेला नाही.

आता हिंदू स्वयंसेवक संघावर संशय का येतो, तेही सांगायला हवं. २०१४ मध्ये तिच्या तरुणांच्या एका शिबिरात शिक्षकाने इस्लामविरोधी बोलल्याचं चित्रण टीव्हीवर दाखवलं गेलं. धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या ब्रिटनच्या चॅरिटी कमिशनने चौकशी केली, विश्वस्तांची देखरेख कमी पडल्याचा ठपका ठेवला, आणि भारतातल्या संघाशी औपचारिक संबंध नसल्याची खात्री करा असं बजावलं. म्हणजे संशय हवेतून आलेला नाही, पण त्यातून लेस्टरचा कट सिद्धही होत नाही.

धाकट्या आरोपाचं काय? तिथे सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. निवेदनामागून निवेदनं आली. मंदिरावरचा हल्ला, हिंदू कुटुंबांची भीती, हे सगळं त्यांत होतं आणि ते खरंही होतं. पण ग्रीन लेन रोडवर गेलेली पोरं कोणाची, तोंडं झाकून का गेली, यावर मी वाचलेल्या निवेदनांत एक सरळ वाक्य नाही. टीकाकारांनाही ते सोयीचंच पडलं, कारण कटाच्या गोष्टीला मथळा मिळतो. वस्तीतल्या भांडणाला कोण विचारतो?

खरी गोष्ट मात्र वस्तीतच आहे. इथले जुने हिंदू बहुतेक गुजराती, १९७२ मध्ये हुकूमशहा इदी अमीनने युगांडातून हाकललेले. लेस्टरच्या नगरपालिकेने तेव्हा युगांडाच्या वर्तमानपत्रात 'इथे येऊ नका' अशी जाहिरात दिली होती! तरीही ते आले, आणि मुस्लिम शेजाऱ्यांबरोबर त्यांनी गोऱ्या वंशद्वेष्ट्यांना तोंड दिलं. नंतर आले ते दीव-दमणचे. १९ डिसेंबर १९६१ ही गोवा-दमण-दीव पोर्तुगीजांकडून मुक्त झाल्याची तारीख गोव्याच्या माणसाला सांगायला नको. त्याआधी पोर्तुगीज अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. त्याच पासपोर्टवर गोंयकारही इंग्लंडात आले. हे नवे लोक कारखान्यांत आणि गोदामांत राबणारे, दाटीवाटीने राहणारे. त्यांचे मोठ्या आवाजातले सण, रात्रीचा गोंगाट यांवरून जुन्या रहिवाशांशी खटके उडत होतेच. ती वाफ क्रिकेटच्या निमित्ताने बाहेर पडली, असं माझं मत.

संघटनांनी दिलेलं मला पटलेलं उत्तर एकच. २० सप्टेंबरला इस्कॉनच्या स्थानिक अध्यक्षांनी हिंदू-मुस्लिम नेत्यांचं संयुक्त निवेदन मशिदीच्या पायऱ्यांवर उभं राहून वाचलं. आपण या शहरात बरोबर आलो, बरोबर वंशद्वेषाशी लढलो, फूट पाडणाऱ्या परक्या विचारसरणीला इथे जागा नाही, असा त्याचा आशय.

पुढे गाडी परत रुळावरून घसरली. महापौरांनी चौकशीसाठी नेमलेले प्राध्यापक इस्लामद्वेषावर काम करणारे, म्हणून हिंदू संघटनांनी विरोध केला आणि ते बाजूला झाले. ब्रिटिश सरकारने २०२३ मध्ये माजी खासदार लॉर्ड ऑस्टिन यांना नेमलं, तर मुस्लिम संघटनांनी आक्षेप घेतला.

मामांना मी फोनवर एवढंच सांगितलं होतं, की मंदिर जाळलेलं नाही, झेंडा उतरवलाय. ते म्हणाले, "मग आपल्या पोरांनी काहीच केलं नव्हतं ना?" त्यांना मी १७ तारखेचा तो व्हिडिओ पाठवला. निळ्या खुणा झाल्या, उत्तर नाही आलं.