वाड्याच्या भिंतींना रंग देण्यापूर्वी

प्रिय मुली,

सप्रेम आशीर्वाद.

बडोद्याच्या रावपुऱ्यातील आजोळच्या वाड्याची अंतर्गत सजावट तू हाती घेतली आहेस आणि दिवाणखान्यासाठी फिकट, राखाडी छटेचा पिवळा रंग 'जुन्या घराला शोभेल' म्हणून निवडला आहेस, हे पत्रावरून कळले. काम घेतलेस याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र रंगाची निवड इतक्यात पक्की करू नकोस. जुन्या घराला काय शोभते याविषयीची आपली आजची समजूत पुष्कळदा मूळ रंगावरून नव्हे, तर त्यावर साचलेल्या धुरावरून, धुळीवरून आणि पिवळ्या पडलेल्या तेलावरून बनलेली असते. अमेरिकेत माउंट व्हर्नन येथील जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी छोट्या भोजनगृहातील रंगांचे थर तपासले गेले, तेव्हा सौम्य छटांची सवय झालेल्या लोकांपुढे तांब्याच्या जंगालाचा, म्हणजे तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या गंजाचा, झळझळीत हिरवा रंग आला. आपल्याला तर इतके दूर जाण्याचीही गरज नाही. १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण असलेल्या भाऊ तांबेकरांचा चार मजली वाडा तुझ्या कामापासून हाकेच्या अंतरावर आहे. तेथील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांपुढे उभी राहा आणि कथाप्रसंग बाजूला ठेवून केवळ रंग पाहा. ज्या समाजाने राहत्या घराच्या भिंती अशा गजबजून टाकल्या, त्याची अभिरुची फिकट होती असे म्हणणे मला तरी जमणार नाही.

याचा अर्थ दिवाणखाना भडक कर, असा मुळीच नाही, आणि बडोद्याच्याच लक्ष्मीविलास राजवाड्याचे अनुकरण कर, असा तर नाहीच. १८९० मध्ये पूर्ण झालेल्या त्या वास्तूच्या दरबार हॉलमधील वैभव व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेक फरशीचे आणि रंगीत काचांचे आहे. ते विटा, चुना आणि सागवान यांच्या घरात रंगाच्या डब्यातून आणता येत नाही. तुझ्या घराचे उत्तर तुझ्याच घराच्या भिंतीत आहे.

ते असे शोधावे. जेथे हात, पाणी आणि ऊन कमी पोहोचले असेल अशी जागा निवड: कोनाड्याची आतील बाजू, फडताळामागची भिंत, तुळईखालचा कोपरा. तेथे धारदार पात्याने एकेक थर अलगद सोडवत पायऱ्यांसारखी छोटी पट्टी उघडी कर आणि प्रत्येक थराची क्रमाने नोंद ठेव. दारेखिडक्यांवरील तेलरंगाबाबत विशेष धीर धर, कारण जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते. वरच्या थराखाली वर्षानुवर्षे झाकलेला पांढरा रंग उघडल्याबरोबर मळकट पिवळा दिसतो आणि काही आठवडे उजेडात राहिल्यावर बराचसा निवळतो. ही एक गोष्ट ठाऊक नसल्यामुळे कितीतरी दारे चुकीच्या रंगात रंगवली जातात. जमल्यास थरांचा बारीक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घे. लाकूड उघडे करून त्यावर पॉलिश चढवण्याची जी टूम सध्या आहे, तिने हा सारा पुरावा एका दिवसात नाहीसा होतो, म्हणून मला ती आवडत नाही.

जुना तेलरंग कोरड्या पॉलिशपेपरने मात्र कधीही घासू नये. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या अखेरीस लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसे आहे असे धरूनच चालावे, पृष्ठभाग ओला करून खरवडावा आणि घरातील मुलांना व गर्भवतींना त्या काळात दुसरीकडे ठेवावे.

आता भिंतींविषयी. चुन्याची सफेदी ही रंगाची नुसती साय नव्हे. विरलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगडासारखा होतो आणि तरीही भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. अशा भिंतीवर सिमेंटचा गिलावा, लांबी (पुट्टी) आणि प्लॅस्टिक इमल्शन चढवले की पावसाळ्यातील ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि पोपडे धरतात. दोष मग जुन्या भिंतीला दिला जातो. चुन्यात टिकणारे रंगही ठरलेले आहेत: गेरू, पिवडी (पिवळी माती), हिरमजी (तांबडी माती), काजळी आणि अल्ट्रामरिन, म्हणजे आपण सफेदीत घालतो ती नीळ. प्रशियन निळा चुन्यात तपकिरी होतो. कृत्रिम अल्ट्रामरिन १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तयार झाले, तेव्हा एखाद्या थरात ते निघाले तर तो थर त्याच्या आधीचा असू शकत नाही. घराचे वय सांगणारा असा साक्षीदार सहसा मिळत नाही. नमुना लावताना भिंत आधी भिजव, हात पातळ दे, आणि ओल्या रंगावरून निर्णय घेऊ नकोस, कारण चुन्याचा रंग वाळल्यावर पुष्कळ उजळतो.

नमुना कागदावर नको, भिंतीवरच हवा, आणि तो सकाळी, भर दुपारी व दिवे लागल्यानंतर पाहायला हवा. हंड्या आणि समया यांच्या पिवळ्या उजेडासाठी निवडलेला रंग पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली निर्जीव दिसणारच. तेथे रंग बदलण्याआधी दिवा बदलून पाहा.

शेवटी, पाच-सात थर निघाले तर कोणता स्वीकारावा, हा प्रश्न तुला पडेल. सर्वांत खालचा थर सर्वांत खरा, असे मी मानत नाही. छताची कडी, महिरपी आणि दारे आज ज्या स्वरूपात आहेत, ती ज्या काळी तशी झाली, त्या काळाचा थर घ्यावा; नाहीतर एका पिढीचे लाकूड आणि दुसऱ्या पिढीची भिंत एकमेकांशी विसंगत दिसतात. देवघर आणि माजघर यांना हाच नियम लावायचा की घरच्यांच्या सवयीला मान द्यायचा, हे तुझ्या मावशीला विचारून ठरव. तेथे रोज वावरणाऱ्या माणसांचा शब्द माझ्या मताहून मोठा आहे. उघडलेली एक पट्टी फडताळामागे तशीच राहू दे, आणि वापरलेल्या रंगांचे प्रमाण व तारीख फडताळाच्या दाराच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेव. पहिल्या पट्टीची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात काढून मला पाठव.

तुझा शुभचिंतक