फेब्रुवारीत इस्तंबूलला जातोय. बीफ खात नाही, बायको शाकाहारी आहे. रस्त्यावर खाण्यासारखं काय मिळेल?

कबाब सोडून काही मिळतं का, नकळत बीफ पोटात जाणार नाही ना, आणि शाकाहारी माणसाने काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. कामामुळे माझं इस्तंबूलला जाणं-येणं असतं आणि तिथे टेबलाखुर्चीपेक्षा फूटपाथवरच माझं जास्त खाणं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट पक्की करा. तिथल्या गाडीवर मेनू नसतो. एक गाडी, एक पदार्थ, आणि त्या पदार्थाची ठरलेली वेळ. इंटरनेटवरची यादी घेऊन भर दुपारी सगळं शोधत हिंडलात तर निम्मं सापडणार नाही आणि उरलेलं शिळं मिळेल. घड्याळ बघून खाल्लंत तर तुमची निम्मी काळजी तिथेच मिटते, कारण एकच पदार्थ विकणाऱ्याला त्यात काय आहे हे विचारणं सोपं असतं.

सकाळ सिमीतची. तिळात घोळवलेलं पावाचं कडं, काचेच्या लाल गाडीत रचून ठेवलेलं. भट्टीत जाण्याआधी ते पेकमेझच्या, म्हणजे द्राक्षाच्या काकवीच्या, पातळ पाण्यात बुडवतात. त्यामुळे तीळ चिकटतात आणि वर तो तांबूस रंग चढतो. ताजं सिमीत मोडलं की वरचा पापुद्रा कडकन तुटतो आणि आतला मऊ भाग ताणला जातो. दुपारी तेच चामड्यासारखं होतं, म्हणून नऊ-दहाच्या आत खा. बहुतेक गाडीवाले सोबत त्रिकोणी चीजची वडी ठेवतात, ती मागून घ्या. बायकोचा नाश्ता झाला. तरी पोट भरलं नाही तर ब्योरेकच्या दुकानात शिरा. तिथे मोठ्या परातीतले थरावर थर कापून वजनावर देतात. त्यात पेयनिरली म्हणजे चीजचं, इस्पनाकली म्हणजे पालकाचं, पतातेसली म्हणजे बटाट्याचं. कियमाली म्हणाले तर तो खिमा, आणि तो बहुधा बीफचा असतो.

बीफचं इथेच उरकतो. दाना म्हणजे गाय-वासराचं मांस, कुझू म्हणजे कोकरू, तावुक म्हणजे कोंबडी, बालिक म्हणजे मासा. हे चार शब्द पाठ करा. द्योनेर म्हणजे उभ्या सळीवर भाजून कापलेलं मांस. पाटीवर नुसतं 'एत द्योनेर' असेल तर ते बीफचं किंवा बीफ-मटण मिसळून केलेलं आहे असं धरून चाला. 'तावुक द्योनेर' बिनधास्त खा. लाहमाजुन या पातळ, कुरकुरीत रोटीवरच्या खिम्यात आणि कोफ्त्यांतही बीफ सर्रास असतं. ताक्सिम चौकात काचेच्या पेटीत वाफेवर ठेवलेले सॉसने भिजलेले बर्गर दिसतील, तेही बीफचेच. 'दाना वार मी?' म्हणजे 'यात दाना आहे का?' एवढं विचारलंत तरी विक्रेता मान हलवून सांगतो. हो, एक लक्षात ठेवा. नाही म्हणताना तिथली माणसं अनेकदा फक्त भुवया उंचावून 'च्यक्' करतात. आपल्याला वाटतं, वैतागला. वैतागलेला नसतो, 'नाही' म्हणतोय.

आता शाकाहारी माणसासाठी मला सगळ्यात भरवशाची वाटते ती ची क्योफ्ते. मूळ पदार्थ आग्नेय तुर्कीतल्या उर्फा-अदियामानकडचा, कच्चं मांस आणि दलिया मळून केलेला. कच्चं मांस घालून असा पदार्थ विकायला आता बंदी आहे, त्यामुळे गल्लोगल्लीच्या छोट्या दुकानांतून मिळते ती पूर्ण बिनमांसाची. पाटीवरसुद्धा बहुधा 'एत्सिझ', म्हणजे बिनमांसाचं, असं लिहिलेलं असतं. बारीक दलिया, टोमॅटो-मिरचीचा घट्ट लगदा, कांदा आणि इसोत ही उर्फाची काळपट, धुरकट वासाची मिरची. दलिया शिजवत नाहीत, नुसता मळून मळून मऊ करतात. काउंटरवर त्याचा विटकरी डोंगर असतो. विकणारा हातमोजे घालून मूठभर गोळा उचलतो आणि दाबतो, की बोटांचे चार खळगे त्यावर तसेच उमटतात. ते तुकडे लावाश या पातळ रोटीवर पसरतो, वर लेट्यूस, पुदिना, लिंबू, आणि मग डाळिंबाचं आंबट-गोड काळं पाणी ओतून घट्ट गुंडाळी करतो. त्याला द्युरुम म्हणतात. 'आजीली' म्हणालात तर तिखट. मराठी जिभेने आजीलीच घ्यावं. तुर्की तिखटपणा आपल्याला चढत नाही. सोबत आयरान, म्हणजे मीठ घातलेलं दाट ताक. ही जोडगोळी मी जेवण म्हणून कितीतरी वेळा खाल्ली आहे आणि अजून कंटाळा आलेला नाही.

दुपारी एमिन्योन्युला जा, गलाता पुलाशी. मासा चालत असेल तर तिथलं बालिक एकमेक तुमच्यासाठी आहे: तव्यावर भाजलेला बांगड्याच्या जातीचा मासा, अर्ध्या पावात, कांदा आणि लेट्यूससकट. पुलावर रांगेने गळ टाकून उभी असलेली माणसं बघून पावातला मासा तिथलाच असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा नॉर्वेहून गोठवून आलेला असतो. चवीला चांगलाच लागतो, फक्त लिंबू भरपूर पिळा आणि काटे बघून खा. शेजारीच तुर्शूची गाडी असते. कोबी, काकडी, बीट खाऱ्या-आंबट पाण्यात मुरवलेलं, आणि ते गुलाबी पाणी ग्लासात भरून देतात. तेलाचा थेंब नाही. पहिल्या घोटाला डोळे मिटतात. माशावर ते हवंच, आणि बायकोलाही चालेल.

तिथूनच काडिक्योयची फेरी पकडा. वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात पोचता. बोटीवर छोट्या कंबरेच्या ग्लासात चहा मिळतो. दूध विचारू नका. फेब्रुवारीत लोदोस हा दक्षिणेचा वारा सुटला तर फेऱ्या बंद पडतात, म्हणून परतीचा दुसरा रस्ता बघून ठेवा. बोस्फोरस सामुद्रधुनीखालून जाणारी मार्माराय रेल्वे आहे.

काडिक्योयच्या मासळीबाजारातल्या गल्ल्या संध्याकाळी रंगात येतात, आणि कोकोरेच खायची जागाही तीच. कोकराची आतडी स्वच्छ करून आडव्या सळीवर गुंडाळतात, निखाऱ्यावर फिरवत भाजतात, मग दोन सुऱ्यांनी तव्यावर टकाटक बारीक करतात, वर ओव्याच्या वासाचा वाळलेला पाला आणि मिरची. घरी वजडी खाल्लेली असेल तर तुम्हाला हे परकं वाटणार नाही. नसेल तर 'चेयरेक', म्हणजे चतकोर ब्रेड, एवढंच मागा. सुरुवातीला पुरे. आणि हे कोकरूच असतं, त्यामुळे बीफची चिंता नाही.

मिद्ये दोल्मा म्हणजे मसालेभात भरलेले शिंपले. लिंबू पिळून विकणारा हातात देतो, वरच्या शिंपल्याने खालच्यातला भात उचलायचा. तुम्ही 'पुरे' म्हणेपर्यंत तो देतच राहतो आणि शेवटी टरफलं मोजून पैसे घेतो. मला अतिशय आवडतात. पण कोपऱ्यावर स्टूल टाकून थाळी घेऊन बसलेल्याकडून मी घेत नाही. जिथे गर्दी आहे आणि थाळी पटापट रिकामी होतेय अशा दुकानातूनच घेतो. उन्हाळ्यात तर बाहेर अजिबात नाही. पोटाचं विचाराल तर रस्त्यावर मला धास्ती वाटते ती या एकाच पदार्थाची. बाकी पाणी बाटलीतलं प्या, तिथले लोकही तेच पितात.

रात्री उशिरा पिलावच्या गाड्या लागतात. काचेच्या पेटीत लोण्यातला भात, त्यात छोले, वर कोंबडीचे धागे आणि भरपूर मिरपूड. बायकोला हा भात नुसता कोंबडी काढून देऊ नका. तो बहुधा कोंबडीच्या पाण्यातच शिजवलेला असतो. मसुराच्या सूपचंही तेच, विचारून घ्या. बोस्फोरसकाठच्या ओर्ताक्योय भागातलं कुम्पीर मात्र तिला चालेल. भल्यामोठ्या भाजलेल्या बटाट्याचा गर आतल्या आत लोणी आणि काशार चीज घालून घोटतात, मग मका, ऑलिव्ह, लोणची वगैरे तुम्ही बोट दाखवाल ते वर. सॉसेजकडे बोट दाखवू नका. खरं सांगायचं तर मला ते प्रमाणाबाहेर जड वाटतं, दोघांत एक घ्या.

सुलतानअहमदच्या चौकातला मका आणि चेस्टनट महाग, तेच जरा बाजूच्या वस्तीत स्वस्त. ती लांब दांड्याची आइस्क्रीमची जादू एकदा बघण्यापुरती ठीक. भाव युट्यूबच्या जुन्या व्हिडिओतून ठरवू नका, तिथली महागाई इतकी धावते की मागच्या वर्षीचे आकडेही कामाचे नाहीत. गाडीवरची पाटी बघा आणि सुटे लिरा जवळ ठेवा.

फेब्रुवारीचा एक फायदा आहे, तो सोडू नका. बोझा थंडीतच प्यायचा. धान्य आंबवून केलेलं घट्ट, फिकट पिवळं, आंबट-गोड पेय, चमच्याने खावं इतकं दाट. वेफा भागात 1876 पासूनचं दुकान आहे, सुलेमानिये मशिदीहून चालत जाता येतं. तिथे वर दालचिनी भुरभुरून देतात, आणि समोरच्या दुकानातून गरम फुटाणे आणून त्यात टाकायचे असतात. आंबवण्यामुळे त्यात अल्कोहोलचा अगदी थोडा अंश असतो, ते पाळत असाल तर लक्षात असू द्या. सालेप हे ऑर्किडच्या कंदाच्या पिठीचं गरम दूधही थंडीतलंच, आणि ते बायकोला नक्की आवडेल.

तारखा रमजानात येत असतील तर आणखी एक सांगतो. पर्यटकांच्या भागात दिवसाही खायला मिळतं, पण सूर्यास्ताच्या तासभर आधी कुठल्याही वस्तीतली बेकरी गाठा. वर बोटांनी जाळी उमटवलेला, तीळ आणि कलौंजी लावलेला गोल पिदे फक्त त्या महिन्यात भाजतात. रांग लांब असते, पण भराभर सरकते. दोन घ्या, एक हॉटेलवर पोचेपर्यंत संपतो.