अंधारात बोटं दिसत नाहीत, म्हणून भूत-पाटील-मांत्रिक

ऑक्टोबरअखेरीला तिशी-चाळिशीतल्या मित्रमंडळींची भुताटकी पार्टी आहे आणि दगड-कागद-कात्रीचं काहीतरी भयानक रूप हवंय, असं तुम्ही विचारलंय. ड्रॅक्युला, चेटकीण, कवटी, वटवाघूळ, भोपळा ही तुमची पाच चिन्हांची यादी आधी बाजूला ठेवा. पाच चिन्हं म्हणजे कोण कोणाला हरवतं याच्या दहा जोड्या झाल्या. दुसऱ्या पेगनंतर कवटी भारी की भोपळा, यावरून नुसती हुज्जत होईल. शिवाय दिवे मालवल्यावर बोटं दिसणार कोणाला?

याचा तोडगा जपानात एदो काळातच (१६०३ ते १८६८) निघालाय. तिथल्या दारूच्या बैठकांमध्ये ‘कित्सुने-केन’ हा हातांचा खेळ रंगायचा. त्यात कोल्हा, गावचा मुखिया आणि शिकारी असतात. कोल्हा मुखियाला भुलवतो, कारण तिथे कोल्हा म्हणजे रूप बदलणारा, माणसाला नादी लावणारा प्राणी. मुखियापुढे शिकारी नमतो आणि शिकारी कोल्ह्याला गोळी घालतो. खुणा दोन्ही हातांच्या: तळवे कानांशी उभे धरले की कोल्हा, मांड्यांवर ठेवले की मुखिया, बंदूक रोखली की शिकारी. समईच्या उजेडातसुद्धा आकृती ओळखू येते.

आपल्याकडे आणायचं तर मी भूत, पाटील, मांत्रिक घेईन. भूत पाटलाला झपाटतं. मांत्रिक भूत उतरवतो. आणि पाटील मांत्रिकाला पोलिसांत देतो. २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाच आहे, त्यामुळे या जोडीवर वाद घालायला कोणाला जागा नाही! भुतासाठी दोन्ही पंजे डोक्याच्या बाजूला फाकवून धरा. पाटील एक हात कमरेवर ठेवून दुसऱ्याने मिशीला पीळ देईल. मांत्रिकाने हात लांब करून अंगारा फुंकायचा. बायकांनी मिशी पिळली की हशा जास्त पिकतो, हे वेगळं सांगायला नको.

समोरासमोर बसा. ‘एक, दोन, साडेमाडे’ सगळ्यांनी मिळून म्हणायचं आणि ‘तीन’ला खूण. उशीर केला तो हरला. सारखी खूण आली तर परत. लागोपाठ तीनदा जिंकला तरच डाव जिंकला, हा नियम सोडू नका. दोन झाल्यावर तिसऱ्याला समोरचा काय काढेल, या अंदाजातच सगळी मजा आहे.

आता भीतीचा भाग. जपानातच शंभर दिवे लावून भुताच्या गोष्टी सांगायची रीत होती. एक गोष्ट संपली की एक दिवा विझवायचा. शंभरावा विझला की खरंच काहीतरी येतं म्हणून कित्येक जण नव्व्याण्णववर थांबत. तुम्ही दहा-बारा पणत्या लावा. डाव हरला त्याने एक गोष्ट सांगायची आणि पणती विझवायची. गोष्ट ऐकीव चालेल, पण गावाचं नाव खरं हवं. ‘एका गावात’ म्हटलं की भीती तिथेच संपते.

मोठ्यांची पार्टी म्हणून हरणाऱ्याचे कपडे उतरवायची शिक्षा कोणीतरी सुचवेलच. ती ठेवू नका, निम्मी मंडळी गप्प होतात. घोटाची शिक्षा चालेल. न पिणाऱ्यांसाठी कडक कारल्याचा रस ठेवा. आणि पणत्या परातीत पाणी घालून त्यात मांडा, भुतांच्या झग्यांचं पातळ कापड फार पटकन पेटतं.