हेन्री आठव्याने ‘घटस्फोट’ घेतला होता का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्यावरच्या लेखाचं भाषांतर करताना ‘अनलमेंट’ (लग्न मुळातच झालं नव्हतं असं ठरवणं) या शब्दाशी गाडी अडते. राजा हेन्री आठवा आणि त्याची पहिली राणी कॅथरीन ऑफ ॲरागॉन यांच्या बाबतीत ‘घटस्फोट’ लिहावं का? ‘काडीमोड’ चालेल का?

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही नकोत. ‘विवाह रद्दबातल ठरवला’ असं लिहा.

घटस्फोट, काडीमोड, फारकत, सोडचिठ्ठी या चारही शब्दांत एक गोष्ट गृहीत आहे: लग्न झालं होतं, ते आता मोडलं. हेन्रीचं म्हणणं नेमकं उलट होतं. कॅथरीन आधी त्याच्या थोरल्या भावाची, युवराज आर्थरची बायको. आर्थर 1502 मध्ये वारला. पोपची खास परवानगी घेऊन 1509 मध्ये हेन्रीने तिच्याशी लग्न केलं. मुलगा जगेना, ॲन बोलिन मनात भरली, तेव्हा त्याने बायबलातल्या लेवीय ग्रंथाचा आधार काढला: भावाची बायको करणारा निःसंतान राहतो. म्हणजे हे लग्न कधी लागलंच नव्हतं! कॅथरीनचं उत्तर असं की आर्थरशी तिचा शरीरसंबंध आलाच नव्हता, त्यामुळे अडसर मुळातच नाही. अखेर 23 मे 1533 रोजी आर्चबिशप क्रॅनमरने डन्स्टेबलला हेन्रीच्या बाजूने निकाल दिला.

‘रद्दबातल’मधला ‘बातल’ हा अरबी ‘बातिल’. मुळातच खोटं, निराधार ते बातिल. म्हणून तो इथे चपखल बसतो. ‘घटस्फोट’ हिंदू धर्मशास्त्रात नवरा-बायकोचा नव्हताच. पतिताला वाळीत टाकताना नातलग पाण्याचा घडा लवंडायला लावत, त्या विधीचं ते नाव. आजचा अर्थ नंतर रुळला, पण आता तोच पक्का आहे आणि वाचक तोच घेणार.

त्या काळचे इंग्रज या प्रकरणाला ‘डिव्होर्स’च म्हणत, हे खरं. चर्चच्या कायद्यात तो शब्द लग्न शून्य ठरवण्यालाही लागू होता. हेन्रीच्या सहा राण्यांची नशिबं सांगणाऱ्या इंग्रजी यमकातही दोघी ‘डिव्होर्स्ड’ आहेत. मराठी पुस्तकांत ‘घटस्फोट’ शिरला तो याच वाटेने. पण तो वापरला की त्या दरबारातल्या निम्म्या कारस्थानांचा अर्थच लागत नाही.

घटस्फोटिता राणी निदान एके काळी राणी असते. कॅथरीन निकालानंतर केवळ आर्थरची विधवा उरली. जुलै 1533 मध्ये लॉर्ड माउंटजॉय आणि इतर अधिकारी ॲम्प्टहिलला तिला हे बजावायला गेले. तिने त्यांचा लेखी अहवाल मागून घेतला आणि जिथे जिथे ‘युवराजाची विधवा’ हे बिरुद आलं होतं तिथे तिथे लेखणीने काट मारली. पोटगीची किंवा वाड्याची ही तक्रार नव्हे. बिरुद मान्य केलं असतं तर तिची आणि हेन्रीची सतरा वर्षांची मुलगी मेरी तिच्या तोंडूनच अनौरस ठरली असती. मला या सगळ्या प्रकरणात याहून बोलकं काही सापडत नाही.

हेन्रीची दुसरी राणी झालेल्या ॲन बोलिनच्या वाट्याला तर रद्दबातल लग्न आणि मृत्युदंड दोन्ही आलं. 17 मे 1536 रोजी क्रॅनमरने तिचंही लग्न रद्दबातल ठरवलं आणि 19 तारखेला व्यभिचाराच्या आरोपावरून तिचा शिरच्छेद झाला. लग्नच नव्हतं तर व्यभिचार कसला, हा प्रश्न दरबारात उघडपणे विचारायची सोय नव्हती. तिची तीन वर्षांचीही न झालेली मुलगी एलिझाबेथ अनौरस झाली. एलिझाबेथला सांभाळणाऱ्या लेडी ब्रायनने राजाचा मंत्री क्रॉमवेल याला पत्र लिहिलं: मुलीचा दर्जा आता काय, हे मला ऐकीव गोष्टींवरूनच कळतं; आणि तिला अंगात घालायला धड झगा नाही, परकर नाही.

चौथी राणी ॲन ऑफ क्लीव्हज. तिचं लग्न 1540 मध्ये सहा महिन्यांत रद्दबातल झालं. तिने मुकाट संमती दिली आणि ‘राजाची बहीण’ म्हणून मानाने राहिली. ‘घटस्फोटानंतर बहीण’ असं लिहिलंत तर वाचक चक्रावेल; लग्न झालंच नव्हतं म्हटलं की नातं नीट बसतं.

पुढे 1544 च्या कायद्याने मेरी आणि एलिझाबेथ वारसांच्या यादीत परत आल्या, पण अनौरसपणा पुसला नाही. 1553 मध्ये राणी होताच मेरीने संसदेकडून आईचं लग्न वैध ठरवून घेतलं. एलिझाबेथने आपल्या आईसाठी तसं काही केलं नाही.

भाषांतरात आणखी एक जपा. निवेदनात ‘रद्दबातल’ लिहा, पण पात्रांच्या तोंडी ज्याचा त्याचा पक्ष राहू द्या. कॅथरीनचा भाचा पवित्र रोमन बादशहा चार्ल्स पाचवा याचा राजदूत शापुई शेवटपर्यंत कॅथरीनला राणी म्हणतो आणि ॲनचा उल्लेख पत्रांतून रखेल असा करतो. तिथे ‘रखेल’च ठेवा, सौम्य करून ‘दुसरी पत्नी’ लिहू नका.