तंबूचे पैसे किती रात्रींत फिटतील?

तुमचं पत्र थोडक्यात असं: डिसेंबरात मित्राबरोबर कोकण किनाऱ्याने रेवस ते रेडी सायकलने जायचं, दहा मुक्काम. घरगुती निवासात चहा-नाश्त्यासकट खोलीचे 1,500 रुपये, म्हणजे तुमच्या वाट्याला 750. हे वाचवायला दोघांत मिळून 26,000 चा तंबू, मॅट आणि स्लीपिंग बॅगा घ्याव्यात का, तेही ईएमआयवर?

या टूरसाठी तरी घेऊ नका.

तुमच्या वाट्याच्या 13,000 ला 750 ने भागलं की सतरा-अठरा रात्रींत पैसे वसूल झालेले दिसतात. पण तंबूतली रात्र काही फुकट पडत नाही. आंघोळ, चार्जिंग, सकाळचा नाश्ता यांचे 250 धरा. खरी बचत उरली 500, आणि वसुली गेली 26 रात्रींवर. त्यात दहाही रात्री उघड्यावर काढायला मिळणार नाहीत. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. उरलेली सपाट जागा बहुधा कुणाच्या तरी बागेतली, गडगा घातलेली. मालक मुंबईला आणि राखणदार रात्री बॅटरी मारत फिरणारा. पाच रात्री जमल्या तरी खूप झालं. वर्षाला एक टूर धरली, तर पाच वर्षं तंबू फिटतच राहील.

ईएमआय तर नकोच. ‘नो-कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच माथी येतो.

आता वजन. हा रस्ता किनाऱ्याचा म्हणवतो, पण प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पलीकडे पुन्हा चढायचं. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला लागलात की चढ समोर असतोच. तिथे सामानाचे जादा तीन किलो मांड्यांना कळतात. शिवाय डिसेंबरातलं दव. सकाळी तंबू ओलाचिंब असतो, तसाच गुंडाळला तर कुबट वास धरतो आणि वाळवत बसलात तर सायकल हाणायचे थंड तास हातचे जातात. असं चार दिवस झालं की एक मुक्काम वाढलाच म्हणून समजा. झाली का बचत?

पत्राच्या शेवटी तुम्ही नॉर्वेचं स्वप्न ओझरतं लिहिलंय. तंबूचं गणित जमतं ते तिथे. 1957 च्या कायद्यानुसार मोकळ्या माळरानात, राहत्या घरापासून 150 मीटर लांब, दोन रात्रींपर्यंत कुणाला न विचारता तंबू ठोकता येतो, आणि तिथल्या खोल्यांचे दर आपले डोळे पांढरे करणारे. आठवड्याभरात तंबू फिटेल. जायचं नक्की झालं की रोखीने घ्या. तोवर दरमहा 2,000 ची आरडी चालू करा.

यंदा हौसेपुरता तंबू दोन रात्रींसाठी भाड्याने आणा आणि घरगुती निवासवाल्यांनाच विचारा, "काका, अंगणात लावू का?" थोड्या पैशांत पाणी आणि संडासाची सोय होते. नाताळात दर चढतात, म्हणून 20 तारखेच्या आत परत या. गुहागर-दापोलीकडच्या शनिवारच्या खोल्या फोन करून आधीच ठरवा. मधल्या वारी घासाघीस करायला वाव असतो.